एल्कच्या शिकारीला गटानं जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाला कोणाच्या तरी घरी आमच्या फ्रीजरमधल्या एल्कचा विषय निघतो आणि पुढचा आठवडाभर फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी डेन्व्हरजवळ राहतो. आमचा पाच जणांचा गट दर वर्षी कोलोरॅडोच्या पश्चिम भागात रायफलच्या सीझनला जातो. इथलं सगळं कोलोरॅडोपुरतं आहे. वायोमिंग किंवा मोंटानाचे नियम वेगळे. आणि कोलोरॅडोतही नियम दर वर्षी थोडे बदलतात, त्यामुळे 'कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ' म्हणजे सीपीडब्ल्यूची चालू वर्षाची पुस्तिका हातात घेऊनच शेवटचा निर्णय करा. ती फुकट मिळते, आणि निम्मे लोक ती न वाचताच फोन करतात.

एल्क म्हणजे नक्की कोण? सांबर का?

सांबराचा थोरला चुलतभाऊ म्हणा. काश्मीरचा हंगुल त्याचा आणखी जवळचा नातेवाईक. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या आसपास भरतो, मादी सव्वादोनशेच्या. युरोपात 'एल्क' म्हणतात ते जनावर वेगळं. त्याला इथे मूस म्हणतात. कोलोरॅडोत मूसही आहेत, आणि घाईत एल्क समजून मूस मारण्याचे प्रकार घडतात. मूसचा टॅग (लायसनबरोबर मिळणारी, मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी; एका टॅगवर एकच जनावर) वेगळा असतो, चूक झाली तरी गुन्हा तो गुन्हाच. मूस काळपट, लांब नाकाचा. एल्कची मान गडद, अंग फिकट आणि ढुंगण पिवळसर. हे ढुंगण पाठ करून या.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क जवळजवळ संपले होते. मग वायोमिंगहून आणून सोडले. आज इथे अडीच लाखांहून जास्त आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा अधिक.

म्हणजे हे गोमांस नाही ना?

प्रत्येकाच्या आईचा पहिला प्रश्न. नाही. हरणाचं कूळ आहे. गंमत म्हणजे आपली नीलगाय गाई-बैलांच्या कुळाला जास्त जवळची. एल्क तिच्यापेक्षा कितीतरी लांब.

आम्ही एच-वन-बीवर आहोत. बंदूक हातात घेतलेली चालते का?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि लोक तो सगळ्यात शेवटी विचारतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यानं कायदेशीरपणे दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन तुमच्याकडे असलं तर ही मनाई लागू होत नाही. म्हणजे क्रम असा: आधी लायसन, मग बंदुकीला हात. मित्राबरोबर नुसतं रेंजवर जाऊन चार गोळ्या झाडणं हेसुद्धा 'बाळगणं'च धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. ज्याचं स्टेटस गेलेलं आहे त्यानं बंदुकीच्या जवळपासही जाऊ नये.

दुसरी गोष्ट गांजाची. कोलोरॅडोत तो उघड दुकानात मिळतो, पण केंद्रीय कायद्यात तो घेणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. व्हिसावर असणाऱ्यानं यात डोकं लावू नये, सरळ लांब राहावं.

मी वकील नाही. तुमच्या कागदपत्रांत जरा जरी गुंता असला तर इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा. पन्नास किलो मांसासाठी व्हिसा पणाला लावण्यात अर्थ नाही.

एनसीसीत नेमबाजी केलेली आहे. कोर्स तरी करावा लागतो का?

लागतो. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र असल्याशिवाय इथे लायसन मिळत नाही. दुसऱ्या राज्यात केलेला कोर्स चालतो. एनसीसीचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, तिथेच राहू द्या. मुलांना आणायचं असेल तर मोठ्या जनावराच्या शिकारीला किमान वय १२. सोळाच्या आतल्या पोराबरोबर मोठं माणूस लागतं.

तयारी कधीपासून सुरू करायची? सीझन तर ऑक्टोबरात आहे.

ऑक्टोबरात गोळी झाडतात, शिकार मार्चमध्ये सुरू होते. बरीचशी लायसनं सोडत काढून देतात. त्या सोडतीचे अर्ज मार्चच्या सुरुवातीला उघडतात आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास बंद होतात. निकाल मे अखेर ते जूनमध्ये. त्यात नाही लागलं तर दुसरी सोडत, आणि त्यातूनही उरलेली लायसनं ऑगस्टमध्ये विकायला निघतात. शिवाय 'ओटीसी' म्हणजे सोडतीशिवाय थेट विकत मिळणारी लायसनं असतात, पण त्यांचा आवाका आकसत चाललाय. परराज्यातल्या लोकांना धनुष्यबाणाच्या सीझनसाठी ती पूर्वी सर्रास मिळायची. २०२५ पासून त्यांनाही सोडतीत यावं लागतं.

कोलोरॅडोचे रहिवासी म्हणून अर्ज करायचा तर त्याआधी सलग सहा महिने इथलं वास्तव्य हवं. फरक मोठा आहे: रहिवाशाला एल्कचं लायसन साठ-सत्तर डॉलरला पडतं, बाहेरच्याला आठशेच्या आसपास. डॅलसहून किंवा बे एरियातून येणारे मित्र हा आकडा ऐकून आधी गप्प होतात आणि मग म्हणतात, "आम्ही नुसतं जेवायला येतो." तसंही चालतं. टॅग नसलेला माणूस तंबूत फार उपयोगी पडतो, पुढे सांगतो.

पाच जणांनी मिळून एकच अर्ज करता येतो का?

येतो. सोडतीत गटाचा अर्ज असतो. पण दोन अटी नीट समजून घ्या. ज्याच्याकडे सगळ्यात कमी प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत नंबर न लागलेल्या वर्षांचे साठत जाणारे गुण), त्याचेच पॉइंट सगळ्या गटाला लागू होतात. आणि सगळ्यांना पुरतील इतकी लायसनं शिल्लक नसतील तर कोणालाच मिळत नाही. आमच्यातल्या एकाकडे सात वर्षांचे साठवलेले पॉइंट होते. नवा गडी शून्य घेऊन आला आणि सगळा गट शून्यावर. पॉइंटवाल्यानं दोन दिवस फोन उचलला नाही. त्यामुळे ज्या भागात कमी पॉइंटवरही सोडत लागते असा भाग निवडा, किंवा पॉइंटवाल्याला एखाद्या वर्षी एकटं जाऊ द्या.

माझा टॅग झाला आणि मित्राचा राहिला, तर मी त्याच्यासाठी दुसरा मारला तर?

नाही. नाही. नाही. कोलोरॅडोत हे बेकायदा आहे. ज्याचा टॅग त्यानंच गोळी झाडायची. जनावर पडलं की तिथल्या तिथे टॅगवर सही-तारीख करून तो सुटा करायचा आणि नेताना मांसाबरोबर बांधलेला ठेवायचा. मांसाचे वाटे करायला मात्र कोणाची हरकत नाही. विकायला आहे.

कुठला सीझन बरा?

धनुष्यबाणवाल्यांना सप्टेंबर. तेव्हा माजाचा काळ असतो, नर डोंगरभर शीळ घालत फिरतात. ते ऐकायला मिळालं तरी पैसे वसूल. रायफलचे चार सीझन ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. पहिला पाच दिवसांचा आणि फक्त सोडतीचा. दुसरा आणि तिसरा नऊ-नऊ दिवसांचे. नोकरी करणाऱ्या गटाला हेच सोयीचे. चौथ्यात माणसं कमी आणि थंडी मरणाची. बर्फ पडला की एल्क उंचावरून खाली सरकतात, म्हणून आम्ही तिसरा पसंत करतो.

अडचण एकच, दिवाळी. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन दुसऱ्या रायफल सीझनच्या मधोमध आलं होतं. मार्चमध्ये अर्ज भरताना कालनिर्णय उघडून बसा आणि घरी विचारून मगच सीझनचा आकडा टाका.

गटात किती जण असावेत?

आमच्या मते चार ते सहा. तिघांना ओझं झेपत नाही; सातच्या पुढे गेलं की रानात चालण्यापेक्षा तंबूत भांडणं जास्त. सगळ्यांनी टॅग घेऊ नयेत. पाचांत तीन टॅग पुष्कळ झाले. कारण तीनही लागले, तर उरलेलं गणित पुढच्या प्रश्नात आहे.

सगळ्यात मोठी चूक कोणती होते?

लोक सामान बांधतात ते गोळी झाडण्याच्या हिशोबानं. बांधायचं असतं हमालीच्या हिशोबानं. गोळी हे एका सेकंदाचं काम. त्यानंतर तुमच्यासमोर घोड्याएवढं जनावर पडलेलं असतं, सूर्य मावळत असतो आणि गाडी तीन किलोमीटरवर.

हिशोब मांडून बघा. नराच्या मागच्या दोन मांड्या हाडासकट पंचवीस-तीस किलोच्या एकेक. पुढचे फरे अठरा-वीस किलोचे. शिवाय मान, बरगड्यांवरचं मांस, पाठीच्या दोन लांब पट्ट्या आणि आतल्या दोन मऊ पट्ट्या. एकट्या माणसाला पाच फेऱ्या सहज. तीन किलोमीटरच्या वाटेवर पाच फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन तीस किलोमीटर, त्यातले पंधरा पाठीवर पंचवीस-तीस किलो घेऊन. पाच जण असाल तर एक फेरी आणि वर चहा. गटानं जायचं ते यासाठी. गप्पांसाठी माणसं घरीही जमतात.

मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि आतल्या पट्ट्या बाहेर काढणं कायद्यानं बंधनकारक. म्हणून आमच्या गटाचा नियम: "एकट्यानं असाल तर गाडीपासून दीड किलोमीटरच्या पुढे गोळी नाही, दोघं असाल तर तीनच्या पुढे नाही." हा नियम माझ्यामुळे झाला. दुसऱ्याच वर्षी मी एका खोल दरीच्या तळाशी मादी मारली. चौघं जण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती वर ओढत होते, आणि त्यातल्या एकानं मला संक्रांतीपर्यंत तिळगूळ दिला नाही.

विल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात चाकाचं काहीही चालत नाही, मांस ओढायची हातगाडीसुद्धा. फ्लॅट टॉप्ससारख्या भागात जात असाल तर पाठ नाहीतर घोडा, एवढेच पर्याय. घोडेवाल्याशी ऑगस्टमध्येच बोलून ठेवा. शिकार झाल्यावर फोन केलात तर त्याचे घोडे दुसरीकडे गेलेले असतात.

मग मांसासाठी काय काय न्यायचं?

एका जनावरामागे एवढं:
- मांस भरायच्या कापडी पिशव्या (गेम बॅग) पाच-सहा. प्लास्टिकची पिशवी नको, मांस घामेजून नासतं.
- सुऱ्या दोन, पाती बदलता येणारी एक. धार लावायचा दगड.
- वीस-पंचवीस मीटर दोरी आणि एक हलकी ताडपत्री.
- रबरी हातमोजे, चार जोड्या.
- हेडलॅम्प दोन. हे प्रत्येक माणसामागे, कारण काम हमखास अंधारात होतं.
- मांस वाहायची फ्रेम असलेली सॅक. ट्रेकिंगची मऊ सॅक खांद्यातून फाटते.

गाडीत मोठे कूलर. थंडीत बर्फ लागणार नाही असं समजू नका. दिवसा ऊन दहा-पंधरा अंशांचं पडतं. जनावर पडल्यावर खरा शत्रू उष्णता. एवढ्या मोठ्या अंगातली ऊब बाहेर पडायला वेळ लागतो आणि मागच्या मांडीत हाडापाशी मांस आंबतं. म्हणून आधी कातडं सोलायचं, पाय सुटे करून सावलीत, वाऱ्यावर टांगायचे. कोथळा न काढता वरूनच पाय आणि पट्ट्या सोडवायची पद्धत आहे. ती यूट्यूबवर तीनदा बघून या. गावाकडे ज्यांनी देवीच्या जत्रेत बोकड सोलताना हात लावलाय त्यांना निम्मं येतंच, फक्त बोकड दहापट मोठा आहे असं समजायचं.

नर की मादी याचा पुरावा मांसाच्या एखाद्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. सगळी हाडं रानातच काढायची असतील तर पुस्तिकेतला तो भाग आधी वाचा.

रायफल कुठली? भाड्यानं, उसनी की विकत?

एल्कसाठी कायद्यानं किमान पॉइंट चोवीस कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात) आणि ८५ ग्रेन वजनाची गोळी लागते. प्रत्यक्षात पॉइंट ३०८, थर्टी-ओ-सिक्स, सात मिलिमीटर यांच्यावर भागतं. याच्यावर मित्रांशी वाद घालण्यात जेवढा वेळ जातो तेवढा रेंजवर घालवा. दोनशे यार्डांवर, बसून, दमलेल्या श्वासानं, पाचपैकी पाच थाळीएवढ्या वर्तुळात बसत असतील तर तयार. नाहीतर जवळ जायला शिका.

विकत घ्यायची तर ऑक्टोबरची वाट बघू नका. २०२३ च्या ऑक्टोबरपासून कोलोरॅडोत खरेदीनंतर किमान तीन दिवस थांबावं लागतं. विमानानं आणत असाल तर रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगून. बेअर स्प्रे आणि गॅसच्या टाक्या विमानात कशातच चालत नाहीत, त्या इथे घ्या.

गाडीत रायफलच्या चेंबरमध्ये गोळी ठेवणं बेकायदा. आणि आमचा घरचा कायदा: बंदुका पेटीत गेल्याशिवाय बाटली उघडत नाही.

नारिंगी कपडे घातले तर एल्कला दिसत नाही का?

त्याला तो रंग तुम्हाला दिसतो तसा दिसत नाही. माणसाला दिसतो, आणि तेच हवंय. रायफलच्या सीझनमध्ये कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी, सलग रंगाचं, शिवाय सगळीकडून दिसणारी त्याच रंगाची टोपी. झाडापानांची नक्षी असलेलं नारिंगी चालत नाही. गुलाबी २०१६ पासून चालतं; आमच्यातला एक तेच घालतो आणि गर्दीत तोच पटकन सापडतो.

बाकीचे कपडे?

जीन्स आणि सुती बनियन घरी. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि रात्री उणे दहा-पंधरा अंश असतात. आत लोकरीचं, मध्ये जाडसर, वर वारा आणि बर्फ अडवणारं. मोजे चार जोड. बूट सीझनच्या दोन महिने आधी घेऊन पायात मुरवलेले. नवे कोरे बूट घालून आलेला माणूस तिसऱ्या दिवशी तंबूत बसून पिठलं ढवळत असतो.

उंचीचा त्रास होतो का?

होतो, आणि जिममध्ये जाणाऱ्यांनाही होतो. कळसूबाईच्या शिखरावर उभे राहिलात तर तुम्ही १६४६ मीटरवर असता. डेन्व्हर शहरच १६०९ मीटरवर आहे. आपला तंबू २७०० ते ३००० मीटरवर, आणि एल्क त्याच्याही वर. बाहेरून येणाऱ्यांनी डेन्व्हरमध्ये किंवा वाटेतल्या एखाद्या गावात दोन रात्री काढाव्यात, पाणी भरपूर प्यावं, पहिल्या रात्री दारू नको. डोकं दुखणं, मळमळ इथपर्यंत विश्रांती. चालताना तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली किंवा माणूस भलतंसलतं बोलू लागला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, त्याला खाली आणायचं. सकाळची वाट बघायची नाही.

व्यायामासाठी आमचा उपाय स्वस्तातला आहे: इंडियन ग्रोसरीतलं वीस पौंडी तांदळाचं पोतं सॅकमध्ये घालून आठवड्यातून तीनदा टेकडी. सप्टेंबरात चाळीस पौंडी.

रानात जेवायचं काय?

इथे आपण गोऱ्या शिकाऱ्यांच्या दहा पावलं पुढे आहोत. ते फ्रीज-ड्राय पाकिटांवर डॉलर उधळतात, आपल्याकडे मेतकूट आहे. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ जन्मात शिजणार नाही. छोटा प्रेशर कुकर न्या. तंबूतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. शिट्टी रानात वाजते म्हणून एक जण कुरकुरायचा, पण तंबूपासून शिकारीची जागा तासाभरावर असते आणि गरम मुगाच्या खिचडीपुढे त्याची कुरकुर टिकली नाही.

खिशात ठेवायला शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या. तेलाचं मोहन असलेल्या पुऱ्या थंडीत दगड होत नाहीत. एनर्जी बार होतात, एकाचा दात गेलाय. रात्री पिठलं-भात, थालीपिठाची भाजणी, लसणीची चटणी. पहिलं जनावर मिळालं की आतल्या पट्टीचे पातळ काप, मीठ, मिरपूड, तूप आणि कढईत दोन मिनिटं. त्यात मसाला घालायचा नाही, हे कोल्हापूरच्या माणसाकडून लिहून घ्या.

एक पथ्य: फोडणी तंबूच्या बाहेर, आणि शिकारीचे कपडे तेव्हा गाडीत बंद. एल्कचं नाक जबरदस्त आहे. सकाळी ऊन चढलं की हवा डोंगर चढते, संध्याकाळी खाली उतरते. तुम्ही वाऱ्याच्या चुकीच्या बाजूला असाल तर हिंगाचा वास तुमच्या आधी पोचतो.

आमच्यातला एक शाकाहारी आहे. त्याला आणावं का?

त्याला आधी आणा. आमचा आचारी शाकाहारी आहे, टॅग घेत नाही, बंदुकीला हात लावत नाही. पण चूल तो पेटती ठेवतो, कोण कुठल्या धारेवर गेलंय ते वहीत लिहून ठेवतो आणि रात्री आठपर्यंत कोणी परतलं नाही तर पुढचं तो ठरवतो. त्याची भांडी वेगळी ठेवतो, एवढं पाळा.

वाट चुकली, बर्फ आला तर?

फोनला रेंज नसते असं धरूनच चाला. नकाशे आधी उतरवून घ्या, खासगी जमिनीच्या हद्दी दाखवणारं ॲप घ्या. कोलोरॅडोत जमीनमालकानं पाटी किंवा कुंपण लावलंच पाहिजे असं नाही. हद्द माहीत असणं ही शिकाऱ्याची जबाबदारी. गटात निदान दोन सॅटेलाइट मेसेंजर हवेत, एक तंबूत आणि एक सगळ्यात लांब जाणाऱ्याकडे. सॅकमध्ये काडेपेटी, लायटर, पन्नी, एक जादा मोज्याची जोडी. गाडीत टायरच्या साखळ्या, फावडं, दोरखंड. चौथ्या दिवशी बर्फ पडून माळावरच्या कच्च्या रस्त्याचा राडा झाला की साखळ्या नसलेला गट सीझन संपेपर्यंत तिथेच.

तंबूत गॅसचा हीटर किंवा लाकडाची शेगडी लावत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. तीस डॉलरची वस्तू. झोपेत मेलेली माणसं परत उठत नाहीत.

अस्वलं, लांडगे?

इथली अस्वलं काळी. ग्रिझली कोलोरॅडोत राहत नाही. मांस तंबूपासून शंभर पावलं लांब, उंच टांगा, बस. २०२३ च्या डिसेंबरात राज्यानं लांडगे पुन्हा आणून सोडले. दिसला तर नशीब समजा आणि फोटो काढा. गोळी घालणं गुन्हा आहे. आणि कोयोटी समजून मारला ही सबब चालत नाही.

हरणांना कसलासा मेंदूचा रोग होतो म्हणे. मांस खाणं सुरक्षित आहे का?

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला. माणसाला त्याची लागण झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण लागण झालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. काही भागांत ठरावीक वर्षी तपासणी सक्तीची असते. नसली तरी मुंडकं सीपीडब्ल्यूच्या केंद्रावर द्या आणि निकाल येईपर्यंत पाकिटांवर टॅग क्रमांक लिहून फ्रीजरात ठेवा. मेंदू आणि पाठीचा कणा कापू नका, भेजा फ्राय विसरा. मांस दुसऱ्या राज्यात नेत असाल तर बहुतेक राज्यं अख्खं धड आणि मुंडकं आत घेत नाहीत. हाडं काढून न्या.

वाटे कसे घालता?

गावी बोकडाचे घालतात तसेच. कोणी मारलं याला महत्त्व नाही. ओझं वाहिलं त्या प्रत्येकाचा सारखा वाटा, आचाऱ्याचा वाटा त्याच्या घरच्या खाणाऱ्यांना. पाठीच्या पट्ट्या मोजून समान. शिंगं मारणाऱ्याची. हे सगळं निघायच्या आधी, पेट्रोल-किराण्याच्या हिशोबासकट, ग्रुपवर लिहून टाका. मांस समोर आल्यावर ठरवायला बसलात की मैत्री आटते. दुसऱ्याच्या गाडीतून मांस जाणार असेल तर टॅगवाल्याचं नाव, लायसन क्रमांक आणि सही असलेली चिठ्ठी बरोबर द्या.

घरी आल्यावर: एल्कला चरबी जवळजवळ नसते. मटणासारखं तासभर रटरटवलं तर चामडं होतं. मांडीचं मांस मंद आचेवर तीन-चार तास, किंवा कुकरला भरपूर कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. खिमा करून घेताना बकऱ्याची थोडी चरबी घालायला सांगा. पांढरा रस्सा जमत नाही, चार वर्षं प्रयत्न केलाय.

काहीच मिळालं नाही तर?

शक्यता तीच जास्त. सगळ्या राज्याचा हिशोब धरला तर पाच-सहा शिकाऱ्यांमागे एकाचा टॅग लागतो. आमच्या गटाची पहिली दोन वर्षं कोरडी गेली. मादीच्या टॅगवर शक्यता जरा बरी असते आणि मांसही कोवळं. नराच्या टॅगवर बहुतेक भागांत एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं असावं लागतं, ते दुर्बिणीतून मोजेपर्यंत तो निघून गेलेला असतो.

शिंगं भारतात नेता येतील का? बाबांना वाड्यात लावायची आहेत.

नादी लागू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर भारतात शिंग-कातड्याचा विषय कडक आहे, आणि मुंबई कस्टमच्या टेबलावर हे सांबराचं नाही हे पटवत बसायला कोणाला वेळ आहे? बाबांना फोटो मोठा करून पाठवा. आमची शिंगं गॅरेजमध्ये आहेत. हिने त्यांच्यावर छत्र्या टांगल्यात.